पगार आणि कर्म

साहेब बदलला की ऑफिसच्या दारावर नवी पाटी लागायच्या आत घरातल्या बाईला कळतं. माझ्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. त्यातली सव्वीस वर्षं आमच्या यांची नोकरी एका मोठ्या कारखान्यात गेली. तिथे कोण जनरल मॅनेजर आला आणि कोण गेला हे मला वेगळं सांगावं लागत नसे. एक साहेब होते, त्यांच्या काळात हे संध्याकाळी घरी आले की ओट्याशी उभं राहून दिवसभराचं सगळं सांगत. भाजी करपली तरी गप्पा संपायच्या नाहीत. ते साहेब बदलून गेले, दुसरे आले. पगार तोच, पाळी तीच, कारखान्याची बसही तीच. पण हे घरी आले की बूट काढून दहा-पंधरा मिनिटं नुसतेच खुर्चीत बसायचे. मी विचारायची नाही. चहा ठेवायची.

म्हणून मोठ्या कंपन्यांतल्या माणसांचं समाधान हा विषय निघाला की "यात तुम्हा बायकांना काय कळतं" असं कुणी म्हणालं तर मला हसू येतं. त्या असमाधानाला रोज संध्याकाळी दार कोण उघडतं?

आता पिढी बदलली. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी हायटेक सिटीत एका मोठ्या कंपनीत आहे. तिच्याकडे साहेब एकटा बदलत नाही, सगळी मांडणीच बदलते. त्याला ते "री-ऑर्ग" म्हणतात. आज ती एका विभागात, सहा महिन्यांनी तोच विभाग दुसऱ्या विभागाच्या पोटात. दोन वर्षांत तिला तीन मॅनेजर झाले. "मावशी, काम मी तेच करायलेय," ती एकदा म्हणाली, "पण मी कुणाच्या घरातली आहे ते सारखं बदलायलंय." आम्ही सूर्यास्ताआधी जेवणारी माणसं. ही रात्री दहाला ताट वाढून घेते आणि एका हातानं जेवत दुसऱ्या हातानं अमेरिकेतल्या मंडळींशी बोलते. तिच्या आईला रात्रीच्या जेवणाचं वाईट वाटतं, मला तिच्या चेहऱ्याचं वाटतं.

हे सगळं समजून घ्यावं म्हणून मी एका कंपनीबद्दल मिळेल ते वाचत गेले. कंपनी निवडायला फार विचार करावा लागला नाही. आमच्या हैदराबादेत सत्या नडेला हे नाव घरच्या मुलासारखं घेतात. ते इथे वाढले, बेगमपेठच्या हैदराबाद पब्लिक स्कूलमध्ये शिकले, मणिपालला इंजिनिअर झाले, १९९२ साली मायक्रोसॉफ्टमध्ये लागले आणि ४ फेब्रुवारी २०१४ रोजी तिचे प्रमुख झाले. बिल गेट्स आणि स्टीव्ह बाल्मर यांच्यानंतरचे तिसरेच. त्या कंपनीचं मोठं केंद्रही १९९८पासून आमच्या गावात आहे.

त्यांच्या आधी त्या कंपनीत माणसांना मोजायची एक रीत होती. इंग्रजीत तिला "स्टॅक रँकिंग" म्हणतात. प्रत्येक मॅनेजरनं आपल्या हाताखालच्या लोकांची उतरंड लावायची. इतके वरचे, इतके मधले आणि इतके खालचे. हे आकडे आधीच ठरलेले. दहाच्या दहा माणसं हुशार आणि कष्टाळू असली तरी त्यातल्या कुणालातरी खालच्या मडक्यात घालायचंच.

एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला यातलं विष लगेच कळेल. समजा घरात चार जावा आहेत. दर दिवाळीला सासूबाई चौघींच्या चकल्यांची परीक्षा घेतात आणि नियम असा, की एकीची चकली वाईट ठरलीच पाहिजे. चौघींच्याही खुसखुशीत झाल्या तरी एकीची वाईट. मग मोहन किती घातलं हे कोण कुणाला सांगेल? भाजणी चांगली भाजणारी जाऊ आपल्या शेजारी नको, असंच प्रत्येकीला वाटेल, कारण ती शेजारी असली की आपण खाली जाणार. मायक्रोसॉफ्टमध्ये नेमकं हेच झालं. कर्ट आयकनवाल्ड या पत्रकारानं २०१२ साली "व्हॅनिटी फेअर" मासिकात मोठा लेख लिहिला. त्यासाठी तो कंपनीतल्या आजी-माजी नोकरांशी बोलला आणि ज्यांच्याशी बोलला त्या सगळ्यांनी सर्वांत घातक म्हणून बोट दाखवलं ते या रीतीकडे. चांगली माणसं चांगल्या माणसांबरोबर काम करायचं टाळू लागली होती. मनु कॉर्ने नावाच्या चित्रकारानं तर कंपन्यांच्या रचनेची व्यंगचित्रं काढली, त्यात मायक्रोसॉफ्टचे विभाग एकमेकांवर पिस्तुलं रोखून उभे दाखवले. ते चित्र नडेलांना फार लागलं, असं त्यांनीच आपल्या पुस्तकात लिहिलंय.

ही रीत कंपनीनं नोव्हेंबर २०१३मध्ये बंद केली. न्यायाचं म्हणून सांगते, तेव्हा नडेला प्रमुख झालेले नव्हते, खुर्चीवर बाल्मरच होते. पण आपल्याकडे कसं, नवीन सून आली आणि त्याच वर्षी विहिरीला पाणी लागलं की पायगुण सुनेचा. तसं याचंही श्रेय सर्रास नडेलांना दिलं जातं. विहीर आधीच खणून झालेली होती.

त्यांचं म्हणून जे आहे तेही थोडं नाही. प्रमुख झाल्यावर त्यांनी आपल्या वरच्या फळीतल्या सहकाऱ्यांना एक पुस्तक वाचायला दिलं, मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं, अहिंसक संवादावरचं. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि जरा वेळ बसले. अहिंसा म्हटलं की आपल्याला पाणी गाळणं, दिव्यावरचे किडे, कंदमुळं हे आधी आठवतं. बोलण्यातली हिंसा आपण पाठ केलेली असते, पाळतो किती ते आपल्यालाच ठाऊक. आणि इथे अमेरिकेतल्या एका कंपनीत, जिथे मीटिंगमध्ये समोरच्याला मूर्ख ठरवणं ही हुशारीची खूण होती, तिथे नवा साहेब आल्या आल्या म्हणतो की आधी बोलायला शिका. "मला सगळं येतं" म्हणणाऱ्यापेक्षा "मी सगळं शिकेन" म्हणणारा आपल्याला हवा, असंही त्यांचं सांगणं होतं.

ही मऊ भाषा त्यांना कुठून आली, तेही त्यांनी "हिट रिफ्रेश" या २०१७च्या पुस्तकात सांगितलंय. १९९२च्या मुलाखतीत त्यांना एक प्रश्न विचारला होता. रस्त्यावर एक बाळ पडलंय आणि रडतंय, तुम्ही काय कराल? तरुण सत्यानं उत्तर दिलं, पोलिसांच्या आणीबाणीच्या नंबरला फोन करीन. मुलाखत घेणारा उठला, त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, अरे, बाळ रडत असेल तर आधी उचलून घ्यायचं. ही गोष्ट मी आमच्या मंदिरातल्या स्वाध्यायाला येणाऱ्या बायकांना सांगितली तेव्हा सगळ्या एकदम हसल्या. बाळ उचलायला कुठली पदवी लागते? पुढे १९९६ साली त्यांना मुलगा झाला, झेन. त्याला सेरेब्रल पाल्सी होती. आपल्याच वाट्याला हे का, यात बाप कितीतरी काळ अडकून राहिला आणि आई, अनुपमा, बाळंतपणातून उठली तशी मुलाला थेरपीला न्यायला-आणायला लागली. दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघायला आपण तिच्याकडून शिकलो, असं ते लिहितात. म्हणजे त्या मोठ्या कंपनीच्या बदलाचं थोडं बी एका घरात, एका बाईच्या येरझाऱ्यांत पडलेलं होतं. तो मुलगा २०२२मध्ये वारला.

आणि याच माणसानं ९ ऑक्टोबर २०१४ला काय केलं ते ऐका. अमेरिकेत फीनिक्स शहरात संगणक क्षेत्रातल्या बायकांचा मोठा मेळावा होता. मंचावर त्यांची मुलाखत घेत होत्या मारिया क्लॉवे. या स्वतः गणितज्ञ, एका कॉलेजच्या अध्यक्ष आणि मायक्रोसॉफ्टच्या संचालक मंडळातही. त्यांनी विचारलं, ज्या बायकांना पगारवाढ मागायला संकोच वाटतो त्यांना काय सांगाल? नडेलांच्या उत्तराचा आशय असा, की मागण्याचं एवढं काही नाही, व्यवस्था वेळेवर योग्य ते देईल असा विश्वास ठेवावा, न मागणं हे चांगलं कर्म आहे, ते फळ देतं.

मारियाबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, हे मला मान्य नाही. आपलीच गोष्ट सांगितली. मोठ्या विद्यापीठात पद मिळालं तेव्हा त्या पगाराबद्दल बोलल्याच नाहीत आणि व्हायला हवा होता त्याहून पुष्कळ कमी पगारावर राहिल्या. मग समोर बसलेल्या बायकांना म्हणाल्या, आधी चौकशी करा, अशा कामाला काय पगार असतो ते माहीत करून घ्या आणि विश्वासातल्या माणसासमोर बसून मागायची तालीम करा. सभागृहात टाळ्या पडल्या. नडेलांनी त्याच दिवशी कंपनीतल्या सगळ्यांना पत्र लिहिलं, की माझं उत्तर साफ चुकलं, पगारवाढ रास्त वाटत असेल तर सरळ मागा. इतक्या मोठ्या खुर्चीवरच्या माणसानं इतक्या लवकर चूक कबूल केली याचं मला कौतुक आहे.

पण माझं मन त्या पहिल्या उत्तरावर अडलं. कारण हे उत्तर मी परक्याकडून ऐकलेलं नाही, घरातच ऐकत मोठी झाले. "मिळेल त्यात समाधान मानावं, बाई." आईनं सांगितलं, सासूबाईंनी सांगितलं. भाचीचं प्रकरण झालं तेव्हा स्वाध्यायातल्या एक जाणत्या बाई मायेनंच म्हणाल्या, "अगं, लाभांतराय कर्माचा उदय असेल तिचा."

प्रकरण असं. भाची बाळंतपणाच्या रजेवर होती. २०१७च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, तीच. रजेआधी सहा महिने तिनं टीम सांभाळली होती. हुद्दा नव्हता, काम मात्र हुद्द्याचं. ती परत आली तर मधल्या काळात री-ऑर्ग होऊन मॅनेजर नवा. त्याच्या हातात ठरलेले आकडे. तिच्या कंपनीत अजून ती मडक्यांची उतरंड आहे, नाव तेवढं दुसरं, "बेल कर्व्ह". कुणाला तरी खाली घालायचंच होतं. जे समोर बसलेले होते त्यांना घालणं त्याला जड गेलं असणार. जी समोर नव्हती तिला घातलं. तिला विचारलं तर म्हणाला, "तुमचं सहा महिन्यांचं काम माझ्यासमोर काहीच नाही." आधीच्या मॅनेजरनं काही लिहून ठेवलेलं नव्हतं. तो दुसऱ्या विभागात गेला होता आणि त्याला आपल्या नव्या घरचं पडलं होतं.

आता यात कर्म कुठे आलं? आपल्याकडे कर्माचं फळ वाटायला वर कुणी बसलेला नाही. बंध आपल्याच भावानं पडतो, निर्जरा आपली आपल्यालाच करावी लागते. पगाराचा तक्ता मात्र माणूस भरतो, मार्च महिन्यात, एसीत बसून. त्या तक्त्याला कर्म म्हणणं म्हणजे त्या माणसाची जबाबदारी पुसून टाकणं. आणि अंतराय कर्माचीच गोष्ट काढायची तर तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय मीही वाचलाय. दुसऱ्याच्या लाभात विघ्न आणणं हेच अंतराय कर्माच्या आस्रवाचं कारण सांगितलंय तिथे. मग काळजी कुणी करायची, माझ्या भाचीनं की तिच्या मॅनेजरनं? मी हे बोलले तेव्हा त्या बाई जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "हौ, हे बी खरं."

परिग्रह-परिमाण आपण घेतो. इतक्या साड्या, इतकं सोनं, यापुढे नाही. ती मर्यादा आपण आपल्यासाठी घालतो, म्हणून तिला व्रत म्हणतात. सासूनं सुनेच्या साड्यांचं परिमाण ठरवलं तर त्याला कुणी व्रत म्हणणार नाही. मोठी कंपनी जेव्हा नोकरांना समाधानी राहा म्हणते तेव्हा मला हीच सासू आठवते. नडेलांच्या हाताखाली कंपनीचं बाजारातलं मोल २०१४च्या सुमारे ३०० अब्ज डॉलरवरून जानेवारी २०२४मध्ये ३,००० अब्ज डॉलरच्या पुढे गेलं. याच काळात, २०२३च्या जानेवारीत १०,००० माणसं कमी करत असल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात पगारदारांना सांगितलं की यंदा पगारवाढ नाही. २०२५च्या मे आणि जुलैत मिळून आणखी सुमारे १५,००० जणांच्या नोकऱ्या गेल्या. त्या जुलैत नडेलांनी नोकरांना लिहिलं, की हे मनावर ओझं आहे, आणि यशाचं हे कोडंच आहे. शब्द खरे असतील, माणूस संवेदनशील आहे. पण ज्याची नोकरी गेली त्याच्या घरी कोडं कसलं, हिशेब असतो. घराचा हप्ता, मुलांची फी.

त्यातल्या त्यात मला २०१४ची गोष्ट सर्वांत जास्त लागते. मायक्रोसॉफ्टनं नोकियाचा फोनचा धंदा विकत घेतला, तो व्यवहार एप्रिलअखेर पुरा झाला. १७ जुलैला १८,००० नोकऱ्या जाणार असं जाहीर झालं, त्यातल्या सुमारे १२,५०० त्या नोकियाकडून आलेल्या लोकांशी संबंधित. माप ओलांडून तीन महिने नाही झाले आणि परत पाठवणी. त्या विभागाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी आपल्या लोकांना जे पत्र लिहिलं त्याची सुरुवात "हॅलो देअर" अशी होती. मग फोन, योजना, धोरण यांची परिच्छेदामागून परिच्छेद वर्णनं आणि नोकऱ्या जाण्याचा विषय कितीतरी खाली. वर्तमानपत्रांनी त्या पत्राची यथेच्छ टिंगल केली. नडेलांनी स्वतः लिहिलेलं पत्र त्या मानानं सरळ होतं, आकडा लवकर सांगितलेला. अहिंसक बोलण्याचा एवढा तरी उपयोग आहे, आणि मी तो कमी मानत नाही. डॉक्टरनं वाईट बातमी सांगितली तरी कशी सांगितली हे घरचे जन्मभर विसरत नाहीत. मात्र एकाच कंपनीत, एकाच दिवशी, वरचा साहेब एक भाषा बोलतो आणि मधला दुसरी. नोकराच्या वाट्याला बहुतेक वेळा मधलाच येतो.

म्हणून भाचीला मी म्हटलं, तुझ्या कंपनीचा सर्वांत वरचा साहेब कोणतं पुस्तक वाचतो ते राहू दे, तुझ्या मॅनेजरसमोर कोणता कागद आहे ते बघ. मारियाबाईंची गोष्ट सांगितली. तिनं आधी चौकशी केली. तिच्याइतकी वर्षं झालेल्या दोन मैत्रिणींना पगार विचारला. पगार विचारणं हे आपल्याकडे वय विचारण्याहून अवघड. एकीनं सांगितला, एकीनं विषय बदलला. मग एका कागदावर रजेआधीचं काम तारखांसकट लिहिलं आणि जुन्या मॅनेजरच्या मागे लागून त्याच्याकडून चार ओळी लिहून घेतल्या.

रविवारी तालीम आमच्या स्वयंपाकघरात झाली. मी यांचा चष्मा लावला, मोड आलेली मटकी निवडायला घेतली आणि म्हटलं, "मी तुझा साहेब. माग."

ती हसली, मग सावरून म्हणाली, "सर, शक्य असेल तर माझा थोडा विचार केलात तर..."

"बघू पुढच्या वर्षी," मी म्हटलं.

"ओके सर. थँक यू सर."

आतून हे ओरडले, "अगं, थँक यू कशाचं? दिलं काय त्यानं?"

"काका, सवय आहे हो तोंडाला!"

सहा वेळा केलं. तिसऱ्या वेळी "शक्य असेल तर" गेलं, चौथ्या वेळी "थोडा" गेला. पाचव्या वेळी तिनं माझ्यासमोर कागद ठेवून आकडा सांगितला आणि गप्प बसली. ते गप्प बसणं सर्वांत अवघड होतं. मीच साहेब असून मलाच काहीतरी बोलून ती शांतता मोडावीशी वाटली. सहाव्यांदा तर यांनीच येऊन साहेबाची खुर्ची घेतली आणि कारखान्यातल्या त्या दुसऱ्या साहेबासारखं वर न बघता कागद चाळत बसले. नक्कल इतकी हुबेहूब, की मला क्षणभर ती दहा-पंधरा मिनिटांची खुर्ची आठवली. आजवर त्या साहेबाबद्दल हे घरात एक शब्द बोलले नव्हते.

मॅनेजरनं तिचं ऐकून घेतलं. मूल्यांकन बदलता येणार नाही म्हणाला, व्यवस्थेत कुलूप पडलंय. पण हुद्दा दिला आणि पगाराचं एप्रिलमध्ये बघू असं मेलवर लिहून दिलं. तोंडी नाही, मेलवर. हे तिनं आग्रहानं घेतलं.

फेब्रुवारीत पुन्हा री-ऑर्ग झाली. तो मॅनेजर गेला, आता नवीन साहेब बेंगळुरूत बसतो. भाचीनं त्याच कागदावर खाली मधल्या पाच महिन्यांचं काम लिहिलं, मेलची प्रत जोडली आणि नव्या साहेबाच्या पहिल्याच दिवशी दुपारी पाठवून दिलं. उत्तर अजून आलेलं नाही. रविवारी ती पुन्हा येणार आहे. या वेळी साहेब कोण होणार यावरून आमच्या दोघांत आत्तापासून वाद सुरू आहे.